वेलीवरचे फळ आणि वाडीवरचा राखणदार

उन्हाळा तोंडावर आला की महाराष्ट्रातील नद्यांच्या पात्रांना वेगळीच कळा येते. पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारे पाणी ओसरलेले असते आणि उघड्या पडलेल्या वाळूत चर काढून, त्यांत खत भरून लावलेले कलिंगड-खरबुजाचे वेल दूरवर हिरवे पसरलेले दिसतात. विदर्भ-खानदेशाकडे अशा लागवडीस डांगरवाडी म्हणतात. कोकणात भातकापणी आटोपली की रिकाम्या खाचरांतून कलिंगडाचे वेल धावू लागतात. पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाडा येथे आता ठिबक सिंचन व प्लॅस्टिकच्या आच्छादनावर हेच पीक मोठ्या प्रमाणावर घेतले जाते. पद्धत कोणतीही असो, फळे भरू लागली की राखण आली. आणि राखण म्हटली की माचाण, हाती विजेरी आणि पायाशी कुत्रा, हे ठरलेलेच.

काही वर्षांपूर्वी ग्रामसभेच्या निमित्ताने नदीकाठच्या एका गावी जाण्याचा योग आला. सभेपुढे विषय होते रस्त्याचे व पाणीपुरवठ्याचे. परंतु लोकांच्या मनात घोळत होता एक मेलेला कुत्रा. एका वाडीवाल्याचा राखणीचा कुत्रा आदल्या संध्याकाळी शेजारच्या वाडीत शिरून फुटलेले कलिंगड खाताना अनेकांनी पाहिला होता. पहाटे तो तोंडाला फेस येऊन मेलेला आढळला. गावात लगेच दोन तट पडले. एक म्हणे, कलिंगड कुत्र्याला मानवत नाही, त्यानेच तो गेला. दुसरा म्हणे, शेजाऱ्याने फळात विष भरले. दोन पिढ्यांचा घरोबा असलेली ती दोन घरे एकमेकांचे तोंड पाहीनाशी झाली.

पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी शवविच्छेदन केले, तेव्हा पोटात कलिंगडाच्या गराबरोबर गुळाचा आणि कीटकनाशकाचा उग्र दर्प आला. शेजाऱ्याच्या वाडीत पाहणी करता उलगडा झाला. फळमाशीच्या बंदोबस्तासाठी त्याने गूळ व कीटकनाशक यांचे मिश्रण उथळ बशांतून वेलींच्या मधोमध जमिनीवर ठेवले होते. कुत्र्याने फळ खाल्ले आणि जाता जाता बशीही चाटली. फळात विष नव्हते, शेजाऱ्याच्या मनातही नव्हते. ते बशीत होते. हे दोन्ही पक्षांस पटले, पण कुत्रा मात्र परत आला नाही.

या प्रसंगानंतर अनेक ठिकाणी एकच प्रश्न विचारला गेला : कलिंगड, खरबूज आणि त्यांचे वेल कुत्र्यांस खरोखरच निर्धोक आहेत काय? प्रश्न वरवर लहान वाटला, तरी त्याच्या उत्तरात शेतकऱ्याची सुरक्षितता, शेजारधर्म आणि कायदा या साऱ्यांचा संबंध येतो. म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करणे अगत्याचे आहे.

एकाच कुळातील गोड आणि कडू

कलिंगड व खरबूज ही दोन्ही फळे काकडी, भोपळा, दोडका, कारले यांच्या कुळातील होत. कलिंगडाचे शास्त्रीय नाव सिट्रुलस लॅनॅटस, तर खरबुजाचे कुकुमिस मेलो. कोकणातील चिबूड हाही खरबुजाच्याच जातीचा. कलिंगडाचे मूळ आफ्रिकेत आहे. सुदानच्या कोर्दोफान भागात आढळणारे एक कलिंगड हे आपल्या गोड कलिंगडाचे सर्वांत जवळचे नातलग असल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवून देण्यात आले.

या कुळातील रानटी वनस्पतींत कुकुरबिटॅसिन नावाची अत्यंत कडू द्रव्ये असतात. प्राण्यांनी आपणांस खाऊ नये म्हणून वनस्पतीने केलेली ही तजवीज होय. माळरानावर, ओढ्याकाठी पसरणारे कडू इंद्रावण याचे ठळक उदाहरण आहे. ते कलिंगडाचेच सख्खे भावंड. दिसायलाही लहानशा कलिंगडासारखे. परंतु पोटात गेल्यास ते तीव्र रेचक ठरते आणि माणूस वा जनावर यांस रक्ताचे जुलाबही होऊ शकतात. मानवाने हजारो वर्षे गोड फळांचे बी राखून निवड केल्यामुळे लागवडीतील कलिंगड-खरबुजांच्या गरातून हा कडवटपणा जवळजवळ नाहीसा झाला आहे. क्वचित एखादे फळ कडू निघते. असे फळ आपण टाकून देतो; ते कुत्र्यापुढेही टाकू नये. कुत्र्यास द्यावयाची फोड आधी आपण चाखून पाहावी, हा सोपा नियम येथे उपयोगी पडतो.

कुत्र्यास फळ पचते काय?

कुत्रा हा मांसाहारी, त्याला फळाचे काय, असे पुष्कळांना वाटते. वास्तविक कुत्रा मिश्राहारी आहे. माणसाच्या सहवासात हजारो वर्षे भाकरी-भातावर वाढल्यामुळे त्याची पिष्टमय पदार्थ पचविण्याची शक्ती लांडग्यापेक्षा वाढलेली आहे. या बदलाच्या आनुवंशिक खुणा २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाल्या. गोड चव ओळखण्याची शक्तीही कुत्र्याला आहे. मांजराच्या अंगी ती नाही, कारण त्यासाठी लागणारे जनुक मांजरवर्गात निकामी झालेले आहे. म्हणूनच माचाणाखालचे मांजर फोडीकडे ढुंकून पाहात नाही आणि कुत्रा मात्र शेपटी हलवीत उभा राहतो. कुत्र्याचाच भाऊबंद असलेला कोल्हा तर पिकलेली फळे हुंगून नेमकी फोडतो, हे प्रत्येक वाडीवाल्यास ठाऊक आहे.

कलिंगडाच्या गरात सुमारे ९० ते ९२ टक्के पाणी असते. शंभर ग्रॅम गरापासून जेमतेम ३० किलोकॅलरी उष्णता मिळते आणि त्यात सहा ग्रॅमच्या आसपास साखर असते. खरबुजात साखर किंचित अधिक असते. त्यात कॅरोटीनही असते, ज्यापासून कुत्र्याचे शरीर अ जीवनसत्त्व तयार करू शकते. क जीवनसत्त्व कुत्र्याच्या यकृतात आपोआप तयार होत असल्याने त्यासाठी त्याला फळाची गरज नाही. सारांश, पिकलेल्या कलिंगडाचा वा खरबुजाचा गर हा निरोगी कुत्र्यास विषारी नाही. तो त्याचा आहार नव्हे, केवळ खाऊ होय.

किती द्यावे आणि कसे द्यावे?

दिवसभराच्या एकूण उष्मांकांपैकी दहावा हिस्साच खाऊतून जावा, असे पशुआहाराचे सर्वमान्य प्रमाण आहे. दहा किलो वजनाच्या प्रौढ कुत्र्यास दिवसाला साधारण ६०० किलोकॅलरी लागतात. त्याचा दहावा भाग ६०, म्हणजे कलिंगडाचा सुमारे २०० ग्रॅम गर. ही कमाल मर्यादा झाली, आणि तीही दिवसभरात दुसरा कोणताही खाऊ दिला नसेल तर. प्रत्यक्षात याच्या निम्मे पुरे. प्रथमच देताना एक-दोन लहान तुकडेच द्यावेत आणि दुसऱ्या दिवशी शौचास पातळ होत नाही ना, हे पाहावे. पाणी व साखर एकदम पोटात गेली की हगवण लागण्याचा संभव असतो. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या कुत्र्यास पशुवैद्यकाच्या सल्ल्यावाचून फळ देऊ नये. दूध पिणाऱ्या पिलांना तर ते देऊच नये.

गर देताना बिया काढाव्यात. दोन-चार बिया गिळल्या तर मोठ्या कुत्र्यास काही होत नाही; त्या तशाच बाहेर पडतात. परंतु लहान चणीच्या कुत्र्याने पुष्कळ बिया खाल्ल्या तर आतड्यात अडथळा येऊ शकतो. याहून मोठा धोका सालीचा. कलिंगडाची जाड साल कुत्र्यास नीट चावता येत नाही, पचतही नाही. तो ओबडधोबड तुकडे गिळतो आणि ते आतड्यात अडकतात. वारंवार ओकारी, अन्नावर वासना नसणे, पोट ताठणे आणि शौचास न होणे अशी लक्षणे दिसल्यास वेळ न दवडता दवाखाना गाठावा. अशा वेळी शस्त्रक्रियेचीही गरज पडते. लग्नकार्यात अथवा यात्रेत सालींचे ढीग उकिरड्यावर उघडे टाकण्याची आपली सवय या दृष्टीने घातक आहे. त्या साली गुरांच्या गव्हाणीत किंवा कंपोस्टच्या खड्ड्यात जाव्यात.

खरबुजाच्या खडबडीत, जाळीदार सालीवर माती व जंतू चिकटून राहतात. २०११ साली अमेरिकेत लिस्टेरिया नावाच्या जंतूने दूषित झालेल्या खरबुजांमुळे ३३ माणसे दगावली होती. सुरी सालीतून गरात जाताना जंतूही आत नेते. तेव्हा फळ कापण्यापूर्वी धुणे हे कुत्र्यासाठी नव्हे, तर आधी घरातील मुलाबाळांसाठी आवश्यक आहे. मीठ, मसाला टाकलेल्या फोडी, सरबत आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले पदार्थ कुत्र्यास कदापि देऊ नयेत. झायलिटॉलने कुत्र्याच्या रक्तातील साखर एकाएकी उतरते व प्राण जाण्याची वेळ येते.

माणसाला चालते ते सर्व कुत्र्याला चालते, असा मात्र अर्थ यातून कोणी काढू नये. नाशिक-सांगलीकडील वाचकांनी हे विशेष ध्यानात घ्यावे, की द्राक्षे आणि बेदाणे यांमुळे कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. द्राक्षांतील टार्टारिक आम्ल यास कारण असावे, असे मत २०२१ साली तज्ज्ञांनी मांडले आहे. कांदा व लसूण यांनी कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. कलिंगड निर्दोष म्हणून द्राक्षही निर्दोष, हा तर्क प्राणघातक ठरू शकतो.

वेल विषारी आहे काय?

कलिंगड-खरबुजाच्या वेलींची पाने व तणाव कुत्र्यास विषारी नाहीत. पानांवरची लव खरखरीत असल्याने ती चघळल्यास तोंडाला खाज सुटणे, ओकारी होणे इतपतच त्रास संभवतो. धोका वेलीचा नाही, वेलीवर व वेलीखाली आपण जे घालतो त्याचा आहे. ही गोष्ट नीट समजून घेतली, तर अर्धे काम झाले.

पहिला धोका बियाण्याचा. बाजारातील संकरित बियाणे लाल, निळ्या वा हिरव्या रंगाचे दिसते, ते त्यास लावलेल्या बुरशीनाशकामुळे. उरलेले बियाणे आणि रिकामी पाकिटे बांधावर टाकू नयेत.

दुसरा धोका पेंडीचा. चरात शेणखताबरोबर पेंड घालण्याची चाल आहे. करडई, भुईमूग यांच्या पेंडी जनावरे खातात. परंतु एरंडीच्या पेंडीत, तीवर योग्य प्रक्रिया झालेली नसल्यास, रिसिन नावाचे जहाल विष असते. तिच्या वासाने कुत्री ओढली जातात, माती उकरून ती खातात, आणि काही तासांनी ओकाऱ्या व रक्ताची हगवण सुरू होते. या विषावर उतारा नाही. एरंडीची पेंड वापरायचीच असेल तर ती खोल गाडावी, वर मातीचा जाड थर द्यावा आणि पोती बंद खोलीत ठेवावीत.

तिसरा धोका गुळाच्या आमिषाचा. फळमाशीसाठी गूळ व कीटकनाशक यांचे मिश्रण आणि उंदरांसाठी गूळ, पीठ व झिंक फॉस्फाइड यांच्या गोळ्या, ही दोन्ही आमिषे गोड असल्याने कुत्र्यासही तितकीच आवडतात. झिंक फॉस्फाइड पोटातील आम्लाशी मिसळले की फॉस्फिन हा विषारी वायू तयार होतो. ब्रोमाडिओलोनसारख्या दुसऱ्या प्रकारच्या उंदीरनाशकाने रक्त गोठण्याची क्रिया बंद पडते, आणि त्याची लक्षणे दिसू लागेपर्यंत काही दिवस उलटलेले असतात. फळमाशीचे आमिष झाकणाच्या भांड्यात, कुत्र्याच्या तोंडापासून उंच टांगावे. नर माश्यांना आकर्षित करणारे कामगंध सापळे वापरल्यास उघड्या बशीची गरजच उरत नाही. उंदरांची आमिषे बिळात आत सरकवून तोंडे बुजवावीत आणि न खाल्लेली आमिषे व मेलेले उंदीर दुसऱ्या दिवशी गोळा करून पुरावेत.

चौथा धोका जुन्या साठ्याचा. फोरेट या अतिविषारी दाणेदार कीटकनाशकाच्या वापरावर भारतात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. असे असूनही कोणाच्या गोठ्याच्या आढ्यावर जुना डबा उरलेला असल्यास त्याचा मोह धरू नये. कृषी विभागाच्या कर्मचाऱ्यांस कळवून त्याची विल्हेवाट लावावी.

पाचवा धोका हंगामाच्या अखेरचा. भाव पडले की फळे वाडीतच कुजतात. आंबलेल्या फळात मद्यार्क तयार होतो व बुरशी धरलेल्या अन्नातील काही विषांनी कुत्र्यास झटके येऊ शकतात. अशी फळे नांगरून मातीआड करावीत.

विषबाधा झाल्यास

तोंडातून लाळ गळणे, डोळ्यांतून पाणी, ओकारी, हगवण, बारीक झालेल्या बाहुल्या, स्नायूंचा थरकाप आणि श्वास घेण्यास त्रास, ही लक्षणे एकत्र दिसली तर कीटकनाशकाची बाधा धरून चालावे. अशा बाधेवर ॲट्रोपिनसारखा उतारा उपलब्ध आहे, पण तो पशुवैद्यकानेच द्यावयाचा असतो. आपण करावयाच्या गोष्टी थोड्याच आहेत. विषाचा डबा किंवा वेष्टन बरोबर घ्यावे. कुत्रा केव्हा व किती खाऊन आला, हे आठवून ठेवावे. अंगावर फवारा पडला असेल तर हातमोजे घालून साबणाने धुवावे. कुत्र्याला उघड्या हवेत ठेवावे. उंदराचे औषध खाल्लेल्या कुत्र्याची ओकारी बंद खोलीत होऊ देऊ नये, कारण तीतून निघणारा वायू माणसासही बाधतो. मिठाचे पाणी, तेल, दूध किंवा चिंचेचे पाणी घशात ओतू नये. शुद्ध हरपलेल्या जनावराच्या फुफ्फुसात ते जाते आणि विषाआधी उपचारच त्याचा जीव घेतो. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी करता येतो.

कोल्हा, शेजारी आणि कायदा

फळे फोडणाऱ्या कोल्ह्यांचा वा भटक्या कुत्र्यांचा राग येणे स्वाभाविक आहे. रात्रभर जागून वाढविलेले पीक सकाळी फुटलेले पाहणाऱ्या शेतकऱ्याची व्यथा कोणीही नाकारणार नाही. परंतु त्यावर फळात विष भरून ठेवणे हा उपाय नव्हे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमानुसार प्राण्यास हेतुपुरस्सर अपायकारक पदार्थ देणे हा अपराध आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ अन्वये प्राण्यास विष देण्याबद्दल पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. कोल्हा तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित आहे.

कायद्याचे भय बाजूस ठेवले, तरी व्यवहारही हेच सांगतो. विष भरलेले फळ आणि चांगले फळ यांत बाहेरून फरक दिसत नाही. वाटसरू, शाळा सुटल्यावर वाडीत शिरणारी मुले, चुकार वासरू, यांपैकी कोणाच्याही हाती वा तोंडी ते लागू शकते. मेलेल्या जनावराचे मांस खाणारे पक्षीही त्याला बळी पडतात. कोल्ह्यांच्या बंदोबस्तास जाळीचे कुंपण, रात्रीचा उजेड, पिकलेली फळे वेळेवर तोडणे आणि फुटलेली फळे वाडीत न ठेवणे हे उपाय अधिक खात्रीचे आहेत. आणि त्यांत सर्वांत जुना व स्वस्त उपाय म्हणजे जागता राखणदार. त्याला उन्हात सावली आणि पाण्याने भरलेले मडके दिले पाहिजे. कलिंगडाची फोड हा पाण्याला पर्याय नव्हे.

पंचायतीने आणि शाळेने काय करावे?

लागवडीच्या हंगामाआधी ग्रामसभेत कृषी सहायक व पशुधन विकास अधिकारी यांना एकत्र बोलावून अर्धा तास या विषयास द्यावा. ज्या वाडीत विषारी आमिष ठेवले आहे, तेथे लाल फडके बांधण्याचा आणि शेजाऱ्यास तसे आधी सांगण्याचा संकेत गावाने ठरवून घ्यावा. यास खर्च काहीच नाही. शिक्षकांनी कलिंगड, खरबूज, चिबूड आणि कडू इंद्रावण यांची फळे व पाने वर्गात शेजारी मांडून दाखविली, तर कुळ एक असून गुण भिन्न कसे, हा वनस्पतिशास्त्राचा धडा मुलांच्या कायमचा लक्षात राहील. मात्र इंद्रावण चाखू देऊ नये आणि हाताळल्यावर मुलांना हात धुण्यास सांगावे. संशयास्पद रीतीने जनावर मेल्यास गावात तर्ककुतर्क चालू होण्याआधी शवविच्छेदनाची मागणी करावी. मृत्यूचे कारण कळले की निम्मी भांडणे तेथेच मिटतात.

आरंभी सांगितलेल्या त्या गावी पुढल्या उन्हाळ्यात पुन्हा जाणे झाले. दोन्ही वाड्या तशाच शेजारी शेजारी होत्या. आमिषाची भांडी आता बांबूच्या काठ्यांवर उंच टांगलेली होती, आणि शेजाऱ्याच्या घरचे एक पिलू दुसऱ्याच्या माचाणाखाली बांधलेले होते. वाडीवाल्याने फळ धुतले, फोडले, बिया काढलेली एक लहानशी फोड आधी स्वतः चाखली आणि मग पिलापुढे ठेवली.